हात लावायचा कोंबडा

"घाबरू नकोस, मी आहे इथंच," असं म्हणत तानूबाईंनी कोंबडी यल्लूच्या मांडीवर ठेवली आणि हात काढून घेतले.

तानूबाई आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकीण. कोंबडी त्यांच्याच घरची, टोपलीखाली झाकून आणलेली. चौथीच्या मुली सतरंजीवर गोल करून बसल्या होत्या आणि मी, त्यांची विज्ञानाची बाई, मोठ्या उत्साहाने सांगत होते, "हं, आता हळूच पाठीवरून हात फिरव."

यल्लूचा हात पाठीला लागला मात्र, कोंबडीने उसळी घेतली. पंख यल्लूच्या तोंडावर फाडफाड आपटले, नख्या गालावरून ओढल्या गेल्या. यल्लू किंचाळली. तिचं ऐकून बाकीच्या मुली किंचाळल्या, एकमेकींना धडकत भिंतीकडे सरकल्या, आणि कोंबडी सगळ्यांच्या डोक्यांवरून खिडकीत जाऊन बसली. मुलींना ती कुठे बसली हेही कळेना. कोंबडी आता कुठूनही अंगावर येईल, अशा समजुतीने त्या दोन्ही हातांनी तोंडं झाकून बसल्या.

यल्लूच्या गालाला हळद लावता लावता मी विचारलं, "कशी होती गं कोंबडी?"

"कोंबडी म्हणजे नुसती फडफड, बाई," ती हुंदके देत म्हणाली. मग थोडा विचार करून तिने विचारलं, "तिला हात किती असतात? दोन्हीकडून मारत होती. चार तरी असतील ना?"

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमची अंध मुलींची निवासी शाळा होती. यल्लू जतकडच्या एका खेड्यातली, जन्मापासून न दिसणारी, वर्गात सगळ्यांत हुशार. पाढे, कविता, नद्यांची नावं, सगळं तिला तोंडपाठ. पक्ष्यांचा धडाही पाठ होता. 'पक्ष्यांना दोन पंख असतात' हे वाक्य तिने परीक्षेत बिनचूक लिहिलं होतं. पण पंख म्हणजे काय, हे तिला मी कधी दाखवलंच नव्हतं. शाळेत प्लॅस्टिकचा एक पोपट होता. त्याचे पंख अंगावर नुसते रंगवलेले. हात लावला तर तो साबणाच्या वडीसारखा लागायचा.

त्यानंतर मुली जिवंत कोंबडीच्या जवळ जाईनात. टोपलीचा आवाज आला तरी उठून जायच्या.

लहानपणी कोल्हापूरला मी काचेच्या कपाटात पेंढा भरलेला वाघ पाहिला होता. तो आठवला आणि मनात आलं, न हलणारी कोंबडी मिळाली तर? मुख्याध्यापक देशिंगकर सरांना मी विचारलं. ते भले गृहस्थ होते. पण वसतिगृहाचं छप्पर गळत होतं आणि त्यांचा सगळा जीव त्या छपरात अडकला होता.

"विकत तर आणता येणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही शिकून करणार असाल तर करा. फक्त शाळेकडे काही मागू नका."

घरी सांगणं याहून अवघड होतं. आम्ही जैन, त्यात उपाध्ये. बस्तीतला, म्हणजे आमच्या जैन मंदिरातला, रोजचा अभिषेक माझ्या वडिलांकडे होता. आई गेल्यापासून घरात अण्णा आणि मी, दोघंच. अण्णा दिवस मावळायच्या आत जेवायचे, पाणी गाळून प्यायचे आणि अंगणातली मुंगीसुद्धा ओलांडून जायचे. त्यांच्यापासून लपवून काही करायचं नाही, असं मी बसमध्येच ठरवलं आणि घरी येऊन चप्पल काढताच सांगून टाकलं.

अण्णांनी हातातली जपमाळ बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मारून आणणार?"

"नाही. आपोआप मेलेलीच आणीन. माझ्यासाठी एकाचाही जीव जाणार नाही."

"आणि हाताने सोलणार."

"होय, अण्णा."

"घरात आणायचं नाही."

"नाही आणणार."

ते उठले आणि स्वयंपाकघरातला एक लहान टोप काढून त्यांनी वेगळा ठेवला. "आजपासून माझा भात मी लावीन," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. त्या दिवसापासून आम्ही एकाच घरात दोन चुली केल्यासारखे जेवू लागलो.

कोल्हापुरात बाबालाल शिकलगार नावाचे एक म्हातारे पेंढा भरण्याचं काम करतात, असं माझ्या कॉलेजातल्या शिक्षकांकडून कळलं. पत्ता शोधत एका बोळात गेले. दाराशीच खुर्ची टाकून ते बसले होते. पांढरी दाढी, अंगात कोपरी. सगळे त्यांना चाचा म्हणत. ऐन तारुण्यात म्हैसूरला जाऊन ते हे काम शिकून आले होते. पुढे कॉलेजच्या प्राण्यांच्या संग्रहात त्यांनी उभी हयात घालवली. शिकारबंदीचा कायदा आला आणि बाहेरचं काम थांबलं.

"ते बरंच झालं," चाचा म्हणाले. "वाघ संपायला आलं हुतं. तुमाला काय भरून पाहिजे?"

मी सगळं सांगितलं. यल्लूच्या गालावरच्या ओरखड्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाई जमायचं, बाई. पेंढा भरलेलं जनावर लांबनं बघायचं असतंय. हात लावायचा न्हाई, ही पयली अट."

"का?"

"सोमल असतोय आत, जहर. कातड्याला आतनं सोमलाचा साबण चोळावा लागतोय. त्याबिगर किडं कातडं खात्यात. पोरीनं हात लावला, बोट तोंडात घातलं, मग?" त्यांनी आपले दोन्ही पंजे माझ्यापुढे उलटे धरले. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, कातडी जाड आणि भेगाळलेली. "सोमलानं खाल्ल्यात. बोटांच्या टोकास्नी आता गरम न्हाई, गार न्हाई. सुई टोचली तरी कळत न्हाई."

"सोमलाशिवाय दुसरं काहीच नाही?"

"टाकणखार हाय. सोनाराकडं मिळतोय. बारक्या पाखरास्नी आमी वापरायचो. पर त्येचा भरवसा न्हाई. दोन पावसाळं निघालं तर नशीब म्हणायचं."

"निघाले तर पुष्कळ झाले," मी म्हणाले. "तुम्ही मला शिकवा. करते मी."

"माझ्या हातानं आता बारीक काम हुईत न्हाई."

"हात माझे घ्या. तुम्ही नुसतं सांगा."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक मी उठून जाईन, याची वाट बघत असावेत. मी उठले नाही. शेवटी त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला.

"रविवारी या. येताना मेलेली कोंबडी आणा. रोगानं मेलेली नगं. उन्हानं, न्हाईतर गाडीत दबून मेलेली. आणि लाकडाचा भुसा आणा, लई."

अशा रीतीने माझे रविवार सुरू झाले. गावाबाहेरच्या पोल्ट्रीत वाहतुकीत दगावलेल्या कोंबड्या फेकून देत. त्यातली एक मी सकाळी मागून घ्यायची, पत्र्याच्या डब्यात भुशात ठेवायची आणि पहिली एसटी पकडायची. हत्यारं म्हणजे माझी कॉलेजातली बेडूक कापायची पेटी. तार कुंपणाची, उरलेली. काथ्या एका फाटक्या गादीतला. सुताराकडून रंध्याची सालपटं फुकट मिळत. डोळ्यांसाठी बांगडीवाल्याने काळे मणी दिले आणि पैसे घ्यायला नको म्हणाला.

पहिल्या दिवशी छातीच्या हाडावरून चीर द्यायला मी पातं टेकवलं आणि तिथेच थांबले. जन्मात मी अंडंही फोडलेलं नव्हतं. कॉलेजातला बेडूकसुद्धा डोळे अर्धे मिटून कापला होता.

"थांबायचं असलं तर आत्ताच थांबा," चाचा म्हणाले. "अर्धी चिरलेली कोंबडी कुणाच्याच कामाची न्हाई."

मी चीर दिली.

कातडं मांसापासून सोडवायचं, पायमोजा उलटा काढतात तसं. मांडीचा सांधा आतून कापायचा, पाय मात्र कातड्यालाच ठेवायचे. पंखातलं मांस काढायचं, हाडं ठेवायची. ओल आली की वर भुसा टाकायचा, म्हणजे पिसं डागाळत नाहीत. सांगताना हे सोपं वाटतं. माझी पहिली कोंबडी मानेपाशी फाटली. दुसरीची शेपूट हातात आली. तिसरी उभी राहिली, पण चारच दिवसांत तिच्या अंगातून पिवळं तेल पाझरू लागलं आणि ती जिथे वाळत ठेवली होती त्या शाळेच्या न्हाणीघरात मुंग्यांची रांग लागली. मी ती तशीच चाचांकडे नेली. त्यांनी नाकाला धोतर न लावता ती हुंगली आणि उकिरड्यावर टाकली.

"चरबी ठेवली तुमी. खरवडा, खरवडा आणि झालं असं वाटलं की परत खरवडा."

एकदा परतीच्या एसटीत डब्याचं झाकण निघालं. शेजारी आमच्याच गल्लीतल्या एक बाई होत्या. त्यांनी आत डोकावलं, पदर नाकाला लावला आणि उठून पुढे जाऊन उभ्या राहिल्या. दोन दिवसांत गोष्ट बस्तीत पोचली. पंचांनी अण्णांना बोलावलं. तिथे काय बोलणं झालं ते अण्णांनी मला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून अंगणातच बसून राहिले. अभिषेकाची पाळी दुसऱ्याकडे गेली होती.

मी चूल पेटवायची सोडून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, सोडू का हे सगळं?"

"जमायला लागलंय का?"

"अजून नाही."

त्यांनी वर बघितलं. "अर्धवट सोडायचं होतं तर माझा अभिषेक कशाला घालवलास?" ते म्हणाले आणि पुन्हा जपमाळ ओढू लागले.

त्या रविवारची एसटी मी धावत गाठली.

पावसाळा संपेपर्यंत माझा हात बसला. एक कोंबडी अशी जमली की मी ती अभिमानाने चाचांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती फिरवून बघितली, मनगटाच्या आतल्या बाजूने दाबून बघितली. बोटांना कळायचं नाही, म्हणून ते तसंच बघत.

"दिसायला झ्याक झालीया," ते म्हणाले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी माझे डोळे बांधले. "आता बघा."

मी हात लावला. छाती दगडासारखी लागली. पंखातून तारेचं टोक बोटाला टोचलं. मांडी जिथे असायला हवी तिथे काथ्याचा गोळा होता आणि पंख अंगाला असा चिकटलेला की त्याच्या खाली बोट जाईना. डोळे उघडे असताना ती कोंबडी होती. डोळे बांधल्यावर ते एक गाठोडं होतं.

"आमी जलमभर डोळ्यांसाठी केलं," चाचा म्हणाले. "हे हातांसाठी करायचं मला बी ठावं न्हाई. आता दोघांनी मिळून शोधायला पायजे."

आणि आम्ही शोधलं. आतलं अंग सालपटं दोऱ्याने घट्ट वळून करायचं, पण छातीवर आणि मांड्यांवर कापसाचा थर द्यायचा, म्हणजे दाबलं की मांसासारखं लागतं. तारेची टोकं परत आत वळवायची. एक पंख मिटलेला ठेवायचा आणि एक पूर्ण उघडा, म्हणजे दोन्ही कळतात. वाळला की तुरा आक्रसतो आणि काळा पडतो, म्हणून तो सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापायचा. ट्यूबची कल्पना चाचांची. ती सुचली त्या दिवशी ते लहान पोरासारखे खूश झाले आणि बोळातल्या सायकलवाल्याकडे स्वतः गेले.

आता हवा होता खरा देशी कोंबडा. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी मुलींच्या हाताला काहीच सांगत नव्हती. पिसं झडलेली, शेपूट नाही, पायाला काटा नाही. पण कोंबडा मारायचा नाही हे मी बोलून बसले होते. मेलेला देशी कोंबडा कुठे मिळतो? गावात कोंबडा मरण्याआधीच त्याचा रस्सा होतो.

एका सकाळी तानूबाई पदराने डोळे पुसत शाळेत आल्या. हातात भिजलेला, तांबूस पिसांचा त्यांचा मोठा कोंबडा. झाकण नसलेल्या हौदात पडला होता.

"घरचं म्हणत्यात, पाण्यात मेलेला खायचा न्हाई. पुरायला निघालो हुतो," त्या म्हणाल्या. "मग म्हटलं, तुमास्नी इचारावं."

रविवार लांब होता, तोवर तो टिकला नसता. मी मधल्या सुट्टीनंतरचे तास बदलून घेतले आणि शाळेमागच्या न्हाणीघरात दार लावून बसले. पहिल्यांदाच चाचांशिवाय. तानूबाई पाय धरायला थांबल्या. सुरुवातीला त्यांनी तोंड फिरवलं होतं, मग हळूहळू वळून बघू लागल्या.

"पायावर ही खूण हाय बघा," त्या मधेच म्हणाल्या, "मांजरानं धरला हुता ल्हान असताना."

"ती राहील," मी म्हणाले. "सगळं राहील, तानूबाई."

कातडं निघालं, कुठेही न फाटता. चरबी खरवडली, मग पुन्हा खरवडली. रिठ्याच्या पाण्यात पिसं धुतली. ओल्या पिसांचा तो चिंधीसारखा लगदा बघून तानूबाईंचा चेहरा पडला. पण आम्ही भुसा चोळत गेलो, त्या सुपाने वारा घालत गेल्या, आणि एकेक पीस उठून उभं राहू लागलं. उन्हं कलताना शेपटीची काळी-हिरवी पिसं वाऱ्यावर हलली तेव्हा तानूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावला.

आतून टाकणखार चोळून, अंग भरून, ट्यूबचा तुरा लावून मी तो उभा केला. रविवारी चाचांनी तो मांडीवर घेतला. मनगटाने, कोपराने, गालाने त्यांनी सगळं तपासलं.

"मान जरा लांब झालीया," ते म्हणाले. "असू दे. बांग देताना कोंबडं मान लांब करतंयच."

त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

कोंबडा शाळेत आला आणि देशिंगकर सर खुर्चीतून उठले. "अहो बाई! हा तर बांग देईल आता!" त्यांनी तो सगळ्या बाजूंनी बघितला आणि ऑफिसातल्या काचेच्या कपाटातल्या ढाली-चषक बाजूला सारून मधोमध ठेवला. कपाटाला कुलूप लावलं.

"सर, तो मुलींसाठी आहे."

"मुलींसाठीच आहे की! पण संस्थेचे विश्वस्त येणार आहेत. त्यांनी आपल्या शाळेतलं काम बघितलं, तर छपराचं काहीतरी होईल. तुम्हीच विचार करा, मुलींनी हाताळला तर आठ दिवसांत पिसं उरतील का? एवढ्या कष्टाची वस्तू टिकायला नको?"

"टिकायला केलाच नाही सर तो. हात लावायला केलाय."

"विश्वस्त येऊन जाऊ देत, मग बघू," ते म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली.

मी रोज ती किल्ली मागितली. ते रोज हसून 'बघू' म्हणाले. मुलींना कळलं होतं की बाईंनी कोंबडा केलाय. त्या ऑफिसच्या दारात येऊन काचेला हात लावून जायच्या. काचेला त्यांच्या बोटांचे ठसे पडायचे आणि शिपाई ते पुसायचा.

विश्वस्त आले. हार झाले, स्वागतगीत झालं, चहा आला. अध्यक्षांनी कपाटाजवळ उभं राहून कोंबड्याचं फार कौतुक केलं. मग स्वागतगीत म्हटलेल्या यल्लूच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "काय बाळ, तुला आवडला का बाईंचा कोंबडा?"

"मला माहीत नाही," यल्लू म्हणाली. "तो कपाटात आहे."

यल्लू काही चुकीचं बोललीच नव्हती. तिला विचारलं, तिने सांगितलं. देशिंगकर सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खिशातून किल्ली काढली, स्वतः कुलूप उघडलं, कोंबडा दोन्ही हातांनी उचलला आणि यल्लूच्या पुढ्यात टेबलावर ठेवला.

"घे बाळ," ते म्हणाले. "बघ."

यल्लूने हात मागे घेतले. तिला ती फडफड आठवली असणार. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, पण तिचा हात धरला नाही.

बऱ्याच वेळाने तिचं एक बोट पुढे आलं. ते कोंबड्याच्या नखीला लागलं. ती थांबली. काही झालं नाही. मग बोट नखीवरून पायावर चढलं, खवल्यांवरून काट्यापर्यंत. "हे टोचतं," ती स्वतःशीच म्हणाली. दुसरा हात आला. मांडी. पोट. छाती दाबली, सोडली, पुन्हा दाबली. पिसांच्या उलट्या बाजूने हात गेला तेव्हा तिने मान तिरकी केली. मग उघड्या पंखावर तिचा हात लागला आणि ती सरळ बसली. पंखाच्या मुळापासून ती हळूहळू टोकाकडे गेली, परत मागे आली. एक हात पंखावर तसाच ठेवून दुसऱ्या हाताने तिने आपलाच दंड चाचपला, मग कोपर, मग मनगट.

"बाई," ती म्हणाली, "हा हातच आहे. ह्याला कोपर आहे. त्यांचे हात पंखात गेलेत."

विश्वस्तांचा चहा गार होत होता. कुणी कप उचलला नाही.

यल्लूने डोकं चाचपलं, चोच, डोळ्यांचे मणी, ट्यूबचा तुरा. मग तिचे हात थांबले.

"बाई, हा मेलाय का?"

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. तसं विचारलं तर काय सांगायचं, याचाही विचार केला नव्हता.

"होय," मी म्हणाले. "हौदात पडून मेला."

"मग उभा कशाला केलाय?"

"तुला बघता यावा म्हणून."

मग तिने कोंबड्याच्या पाठीवरची पिसं नीट बसवली, एखाद्याचे केस बसवावेत तशी, आणि सरकून शेजारच्या मुलीला जागा दिली.

त्या दिवशी घरी आले तेव्हा उशीर झाला होता. अण्णांनी त्यांचा भात लावला होता. मी पदर खोचून माझ्यासाठी टोप काढू लागले, तर ते म्हणाले, "नको लावूस. ह्यातच आहे." शेवटपर्यंत माझ्या हातचं ते जेवले नाहीत. पण भात नेहमी दोघांपुरता लावत राहिले. अभिषेक त्यांच्याकडे पुन्हा आला नाही. त्याबद्दल एका शब्दानेही ते मला बोलले नाहीत.

वर्ष उलटून गेल्यावर एके दिवशी चाचा न सांगता शाळेत आले. मला आनंद झाला आणि त्याहून जास्त धास्ती वाटली. कारण कोंबड्याची दशा झाली होती. पाठीवरची पिसं जाऊन कातडं उघडं पडलं होतं. शेपटीत दोन-तीनच पिसं राहिली होती. तुऱ्याला पंक्चरचं ठिगळ होतं, एक नखी गेली होती आणि उघडा पंख इतक्या वेळा शिवला होता की दोरा पिसांपेक्षा जास्त दिसत होता. मी चाचांना ऑफिसात बसवून चहाचं बघू लागले.

"कोंबडं कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"वर्गात असेल. चाचा, तो आता..."

ते उठून वर्गात गेलेसुद्धा. कोंबडा यल्लूच्या मांडीवर होता आणि ती पहिलीच्या एका नव्या मुलीला पायाचा मागे वळलेला सांधा गुडघा नाही, टाच आहे, हे समजावत होती. चाचा सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "बघू."

त्यांनी तो हातात घेतला. बराच वेळ उलटसुलट केला. मुली आवाज न करता ऐकत होत्या.

"काय करून ठेवलंय हे!" ते म्हणाले.

"चुकलंच चाचा, मी मुलींना आवरायला हवं होतं," मी म्हणाले.

त्यांना ते ऐकूच गेलं नसावं. "माझा बिबट्या हाय कॉलेजात," ते म्हणाले. "काचंत. आज बी मिशीचा केस हललेला न्हाई. लोक येत्यात, जाता जाता बघत्यात, फुडं जात्यात. आख्खी हयात गेली माझी." त्यांनी कोंबड्याच्या पाठीवरच्या उघड्या कातड्यावरून मनगट फिरवलं. "हितं बघा, बाई. हितं किती बघितलंय."

त्यांचा आवाज बदलला होता. मुलींनीही तो ओळखला.

"चाचा," यल्लू पुढे सरकून म्हणाली, "पोटाखाली अजून पिसं आहेत. तिथं आमचं बघायचं राहिलंय."

चाचा हसू लागले. टॉवेलने डोळे पुसले आणि तरीही हसत राहिले. मग त्यांनी विचारलं, "बरं पोरीनो, आता काय बघायचंय?"

एकदम कालवा झाला. कुणी बदक म्हणालं, कुणी ससा, कुणी थेट हत्ती. नवी मुलगी हळूच म्हणाली, "बकरी. आमच्या घरी आहे, पण ती उभीच राहत नाही."

चाचांनी कोंबडा यल्लूच्या मांडीवर परत ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"बकरीला ही तार चालायची न्हाई, बाई," ते म्हणाले. "जाड बघून ठेवा."